बाळाचें पहिलें अन्न : केव्हां, कोणतें व किती

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकीं जवळजवळ निम्मीं पत्रें एकाच प्रश्नाभोंवतीं फिरणारीं आहेत. पुण्याच्या एका भगिनीचें बाळ चार महिन्यांचें आहे. तें रात्रीं दोनतीनदां उठून रडतें, म्हणून शेजारच्या एक अनुभवी बाई "आतां याचें दुधावर भागत नाहीं, पेज सुरू करा" असें रोज सांगतात. नागपूरच्या दुसऱ्या भगिनीची अडचण नेमकी उलट आहे. तिची मुलगी आठ महिन्यांची होऊन गेली. परंतु दांत दिसल्यावांचून अन्न द्यावयाचें नाहीं असा घरांतील वडील मंडळींचा आग्रह, आणि उष्टावणाचा मुहूर्तही मामा परदेशांतून यावयाचा म्हणून दोनदां पुढें गेलेला. दोघींनींही अखेरीस विचारिलें आहे तें एकच : नक्की केव्हां?

या प्रश्नाचें उत्तर देण्यास फारसे शब्द लागत नाहींत. बाळाचे सहा महिने पुरे झाले, म्हणजे जन्मापासून १८० दिवस उलटले, कीं दुधाच्या जोडीला अन्न सुरू करावें. त्यापूर्वीं नको, आणि त्यानंतर रेंगाळूंही नये. जागतिक आरोग्य परिषदेनें २००१ सालीं हीच मर्यादा मान्य केली, व जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनांतही ती कायम आहे. 'जोडीला' हा शब्द येथें मुद्दाम योजिला आहे. अन्न सुरू झालें म्हणून अंगावरचें दूध तोडावयाचें नसतें. तें दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेंही खुशाल चालू ठेवावें. अपुऱ्या दिवसांचें बाळ, फार कमी वजनाचें बाळ किंवा कांहीं कारणानें वरच्या दुधावर असलेलें बाळ यांच्यासाठीं मात्र आपल्या डॉक्टरांचा सल्ला हाच नियम समजावा.

महिने मोजण्यांत आपल्याकडे एक गोंधळ हटकून होतो. 'सहावा महिना लागला' याचा अर्थ पांच महिने पुरे झाले. 'सहा महिने झाले' याचा अर्थ सातवा लागला. आश्वलायन गृह्यसूत्र व मनुस्मृति या दोहोंतही अन्नप्राशन सहाव्या महिन्यांत सांगितलें आहे, आणि सुश्रुतानेंही सहा महिन्यांच्या बाळास हलकें व हितकर अन्न द्यावें असें म्हटलें आहे. इतक्या जुन्या ग्रंथकारांचा हा अदमास आजच्या मर्यादेच्या इतका जवळ यावा, यांत त्यांच्या निरीक्षणाचें मोठें श्रेय आहे. रूढीनें त्यांत पुढें भर घातली ती मुलग्यास सम व मुलीस विषम महिन्याची. गंमत अशी कीं, त्यामुळें मुलीचा सातवा महिना हाच आजच्या शास्त्राशीं अगदीं तंतोतंत जुळतो. मुलग्याचा सहावा किंचित् अगोदर पडतो व आठवा उशिरा. यावर तोड सोपी आहे. उष्टावणाचा समारंभ मामाच्या सवडीनें, मुहूर्तानें, चांदीच्या वाटींत जेव्हां करावयाचा तेव्हां करावा. रोजचें अन्न मात्र १८१ व्या दिवशीं सुरू करावें. समारंभ पुढें ढकलतां येतो, बाळाच्या रक्ताची गरज ढकलतां येत नाहीं.

जातां जातां सांगावयाचें म्हणजे, याच गृह्यसूत्रांत पहिल्या घांसासाठीं निरनिराळ्या इच्छांप्रमाणें बकऱ्याचें मांस, तित्तिर पक्ष्याचें मांस व तूपभात असे पर्याय दिले आहेत. आपल्या घरांतून पुढें कोणता पर्याय टिकला हें सांगावयास नको. त्यापुढेंच दहीं, मध व तूप यांचें मिश्रणही सांगितलें आहे. त्यांतील मध तेवढा आज गाळावा. मधांत एका जंतूचीं बीजें असूं शकतात. मोठ्यांच्या आंतड्यांत तीं निरुपद्रवी ठरतात, परंतु वर्षाच्या आंतील बाळाच्या पोटांत रुजून त्यांचें विष बनतें व स्नायू लुळे पडतात. म्हणून वर्ष पुरें होईपर्यंत मधाचें बोटही चाटवूं नये, जन्मतः तर नाहींच नाहीं.

आतां पुण्याच्या भगिनीकडे वळूं. चार महिन्यांच्या बाळानें रात्रीं उठणें हें त्या वयाचें सहज लक्षण आहे, उपासमारीचें नव्हे. बाळाचें वजन दर महिन्यास वाढत आहे काय, दिवसांतून सहासात वेळां तरी लंगोट ओला होतो काय, जागेपणीं तें खेळतें काय, एवढें पाहावें. या तीन प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थी असतील तर दूध पुरतें आहे. या वयांत पेज दिली तर पोट पेजेनें भरतें आणि तितकें दूध आंत जात नाहीं. म्हणजे सकस वस्तु काढून तिच्या जागीं नि:सत्त्व वस्तु भरल्यासारखें होतें. शिवाय वाटी, चमचा, पाणी यांच्या वाटेनें हगवणीचे जंतू शिरतात तें वेगळेंच. बाळगुटीसंबंधींही तेंच म्हणावें लागेल. सहाणेवर उगाळलेलें वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड यांविषयीं आजीबाईंचा विश्वास कितीही गाढ असला, तरी सहाण व हात निर्जंतुक असत नाहींत, आणि वेढे किती उगाळले यावर मात्रा ठरत असल्यामुळें ती कमीजास्त होते. सहा महिन्यांच्या आंत गुटीची, पाण्याची अथवा ग्राइपवॉटरची कांहीं आवश्यकता नाहीं.

बाळ स्वतःही आपली तयारी सांगत असतें. लहान बाळाच्या ओठांशीं चमचा नेला कीं जीभ तो बाहेर लोटते. ही उपजत क्रिया चवथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान मावळते. मान स्थिर होते, आधार दिला तर तें बसतें, मोठ्यांचा घांस तोंडाकडे जातांना डोळे त्या घांसामागें फिरतात, हात ताटाकडे झेपावतो. सहा महिने पुरे होतांहोतां हीं चिन्हें बहुधा एकत्र दिसूं लागतात.

नागपूरच्या भगिनीचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण उशीर डोळ्यांना दिसत नाहीं. लवकर दिलेलें अन्न पोट बिघडवून आपला दोष लगेच दाखवितें; उशिरा दिलेलें अन्न गुपचूप नुकसान करितें. पुऱ्या दिवसांचें बाळ आईच्या पोटांतून लोहाचा सांठा घेऊन येतें व तो सुमारें सहा महिने पुरतो. आईच्या दुधांत लोह अत्यल्प, म्हणजे एका लिटरांत अर्धा मिलिग्रॅमही नसतें. सांठा संपला आणि अन्न सुरू झालें नाहीं, तर बाळ गुटगुटीत दिसत असतांनाच त्याचें रक्त पातळ होऊं लागतें. आणि याच महिन्यांत मेंदूची वाढ सर्वांत झपाट्याची असते. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा ते आठ महिन्यांच्या शंभर बाळांपैकीं केवळ शेहेचाळिसांनाच दुधाच्या जोडीला अन्न मिळत असल्याचें आढळलें, आणि सहा महिने ते पांच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकीं सदुसष्टांस रक्तक्षय होता. हे आंकडे केवळ गरिबांच्या झोपड्यांतले आहेत अशी समजूत करून घेऊं नये.

दांतांची वाट पाहणें तर सर्वस्वी निरर्थक आहे. दांत कोणास चवथ्या महिन्यांत येतात, कोणास वर्ष उलटल्यावर. शिवाय पहिल्यानें येतात ते पुढचे, चावा घेण्याचे. चर्वण करणाऱ्या दाढा वर्षानंतरच उगवतात. त्यांच्यासाठीं थांबावयाचें तर बाळास सव्वा वर्षाचें होईतों दुधावरच ठेवावें लागेल. बाळाच्या हिरड्या चांगल्या टणक असतात; ज्यांचें बोट त्यांत एकदां सांपडलें आहे त्यांना हें पटवून देण्याची गरज नाहीं.

येथें आमच्या वाचकांच्या घरांशीं विशेष संबंध असलेली एक गोष्ट थोड्या विस्तारानें सांगावीशी वाटते. १९६२ सालीं वेल्लोर येथील वैद्यांनीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत कांहीं भारतीय बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. तीं बाळें अंगावरच्या दुधावर वाढलेलीं होतीं, त्यांच्या आया शाकाहारी होत्या, आणि त्यांच्या दुधांत ब१२ हें जीवनसत्त्व फारच कमी होतें. असें बाळ पांचसहा महिन्यांपर्यंत ठीक वाढतें. मग तें हळूहळू मंदावतें. हांक मारली तर पाहात नाहीं, हंसेनासें होतें, सांवरलेली मान पुन्हा डळमळते, बसत असलेलें बाळ बसेनासें होतें. बोटांच्या पेऱ्यांवर काळसर झांक येते, केस विरळ व पिंगट होतात, चेहरा फिकट पडतो, आणि कांहीं बाळांच्या हातापायांस कंप सुटतो. अंगानें तें भरलेलें असतें, म्हणून घरच्यांस वाटतें कीं, मूल शांत आहे, गरीब स्वभावाचें आहे. हें जीवनसत्त्व टोंचून दिलें कीं अशक्तपणा व सुस्ती थोडक्या दिवसांत हटते. परंतु उपचारास उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीत राहिलेली तूट सर्वांचीच भरून निघते असें नाहीं.

ब१२ कोणत्याही भाजींत, धान्यांत वा डाळींत नसतें. शाकाहारी माणसास तें मिळतें दूध, दहीं, ताक यांतून, आणि तेंही बेताचेंच. ज्या घरांत गर्भारपणीं दूध नकोसें झालें किंवा ओकाऱ्यांमुळें आहार तुटला, तेथें आईची तपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळ्या घेणें अगत्याचें आहे. कारण आईजवळ असेल तेवढेंच दुधांत उतरणार. आणि सहा महिने होतांच बाळाच्या भातांत ताजें, गोड दहीं कालविण्यास कांहीं हरकत नाहीं. दह्यानें सर्दी होते ही भीति आम्हांस निराधार वाटते. अंड्याचा प्रश्न ज्यानें त्यानें आपल्या घरच्या आचाराप्रमाणें सोडवावा. ज्या घरांत अंडें चालतें तेथें बाळास तें पूर्ण शिजवून सहा महिन्यांपासून द्यावें, उगाच वर्षभर थांबूं नये. ज्या घरांत चालत नाहीं, तेथें दहीं, डाळी व औषधी थेंब यांविषयीं दुप्पट दक्ष असावें, इतकेंच. सरकारच्या २०१८ च्या रक्तक्षयविरोधी योजनेप्रमाणें सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलांस लोहाचें पातळ औषध आठवड्यांतून दोनदां, एकेक मिलिलिटर देण्याची व्यवस्था आहे. सुशिक्षित घरांतून 'आपल्या मुलाला काय कमी' म्हणून तें नाकारलें जातें. आमच्या मतें तें डॉक्टरांना विचारून अवश्य द्यावें.

मग द्यावयाचें काय? आपल्याकडे आरंभ होतो तो भाताच्या पेजेनें व वरणाच्या निवळीनें. पोटास हलकें म्हणून निवळ देतात, परंतु डाळीचें सत्त्व खालीं राहतें आणि बाळाच्या वाटींत येतें तें पिवळें पाणी! बाळाच्या जठराचें माप पाहा : वजनाच्या दर किलोमागें सुमारें तीस मिलिलिटर. सात किलोच्या बाळाचें पोट दोनशें मिलिलिटरांतच भरतें. सहा ते आठ महिन्यांच्या बाळास दुधाशिवाय दिवसाकाठीं सुमारें दोनशें उष्मांक अन्नांतून मिळावे लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत तीनशें, व दुसऱ्या वर्षीं साडेपांचशें. एवढ्याशा पोटांत पाणी भरलें तर हा हिशेब कधींच जुळणार नाहीं. म्हणून अन्न घट्ट हवें. चमचा तिरपा केला तरी ओघळून न जाणारें. मूगडाळ व तांदूळ एकत्र गुरगुट्या शिजवून, वाटीच्या पाठीनें किंवा रवीनें घोंटून, त्यांत चहाचा एक चमचा तूप घातलें कीं चाळीसेक उष्मांक त्या तुपाचेच मिळतात. तूप हा बाळाच्या बाबतींत चैनीचा पदार्थ नव्हे. वर लिंबाचे चारदोन थेंब पिळावे. डाळींतील व भाजींतील लोह अंगीं लागण्यास आंबट रसाची मोठी मदत होते.

नाचणीचें सत्त्व ही आपल्या आज्यांनीं दिलेली खरोखर मोलाची देणगी आहे. शंभर ग्रॅम नाचणींत तीनशें मिलिग्रॅमांहून अधिक चुना असतो, आणि इतर कोणत्याही रोजच्या धान्यांत तो इतका नाहीं. परंतु तिची खरी खुबी मोड आणण्यांत आहे. धान्य मोडावलें कीं त्यांत पिष्टाचें विघटन करणारें द्रव्य उत्पन्न होतें. साध्या पिठाची खीर घट्ट केली तर ती खळीसारखी चिकट होते व बाळास गिळवत नाहीं; पातळ केली तर तिच्यांत कस राहात नाहीं. मोडाच्या पिठाची खीर मात्र तितकेंच पीठ असूनही सैल राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत याच गुणावर काम केलें. साध्या पिठाच्या घट्ट खिरींत मोड आणून वाळविलेल्या धान्याचें चिमूटभर पीठ टाकलें तरी ती पातळ होते, हें त्यांनीं दाखवून दिलें. तेव्हां नाचणी भिजवून, मोड आणून, सांवलींत वाळवून, मंद भाजून दळावी. वस्त्रगाळ करण्याची रीत आम्हीं सोडावी असें म्हणतों; कोंड्याबरोबर क्षारांचाही कांहीं भाग फडक्यांत राहून जातो. बारीक चाळणीनें चाळलें म्हणजे पुरें.

पहिल्या दिवशीं दोनतीन चमचे पुष्कळ झाले. दिवसांतून दोनदां, मग तीनदां. आठव्या महिन्याच्या सुमारास एका वेळीं अर्धी वाटी होईल असें पाहावें, आणि नवव्यापासून तीनचार जेवणें व मधून फळ. केळें, उकडलेलें रताळें, लाल भोपळा, पालक, पिकलेली पपई, आंब्याच्या दिवसांत आंबा, हें सर्व चालतें. मीठ व साखर पहिल्या वर्षीं घालूं नये; आपल्या जिभेला जें अळणी लागतें तें बाळास अळणी लागत नाहीं, कारण खारट त्यानें चाखलेलेंच नसतें.

शेंगदाण्याविषयीं गेल्या पंचवीस वर्षांत मत अगदीं उलटें झालें, तें सांगितलें पाहिजे. २००० सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांची संस्था ज्या मुलांना वावड्याचा धोका आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊं नका असें सांगत होती. २००८ सालीं तिनें तें मत सोडलें. पुढें २०१५ सालीं लंडनच्या एका मोठ्या प्रयोगांत, ज्यांना वावडें होण्याचा संभव अधिक अशा सहाशेंहून जास्त बाळांपैकीं निम्म्यांस चार ते अकरा महिन्यांच्या दरम्यान शेंगदाणा सुरू केला व निम्म्यांस पांच वर्षे दिलाच नाहीं. ज्यांना लवकर दिला त्यांच्यांत वावडें ऐंशी टक्क्यांनीं कमी निघालें! ज्या महाराष्ट्रांत दाण्याच्या कुटावांचून भाजी होत नाहीं, तेथें त्यांत अवघड कांहींच नाहीं. अगदीं बारीक कूट खिचडींत किंवा दह्यांत नीट मिसळून द्यावा. बाळाच्या अंगावर तीव्र इसब असेल तर मात्र आधीं डॉक्टरांस विचारावें. अख्खा दाणा, फुटाणा, डाळिंबाचा मोठा दाणा, अख्खें द्राक्ष हीं पांच वर्षांपर्यंत मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत. श्वासनलिकेंत अडकलेला एक फुटाणा काढण्यासाठीं मुलास भूल देऊन दुर्बीण घालावी लागते.

मिक्सर या यंत्रानें आयांचे पुष्कळ कष्ट वांचविले, परंतु बाळाच्या अन्नाच्या बाबतींत त्यानें थोडी हानीही केली आहे. सर्व कांहीं गंधासारखें वाटून वर्ष दीड वर्षापर्यंत पाजलें कीं मूल पुढें भाताचें शीतही गिळूं शकत नाहीं, ओकारी काढतें. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें हजारों मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत, दहाव्या महिन्यापर्यंत गुठळ्या असलेलें अन्न न मिळालेल्या मुलांत पुढें खाण्याच्या तक्रारी अधिक आढळल्या. म्हणून सातव्या महिन्यांत घोंटलेलें, आठव्यांत कुस्करलेलें, नवव्यांत हातांत धरून चघळतां येईल असें, आणि वर्षानंतर घरांतलेंच बिनतिखट जेवण, असा क्रम ठेवावा. घांस घेतांना बाळ थोडें उमाळलें तर घाबरूं नये. ती त्याची शिकण्याची रीत आहे. आवाज बंद होऊन चेहरा निळसर पडूं लागला, तर तें घुसमटणें होय, व त्यासाठीं पाठीवर थाप कशी द्यावी हें घरांतील प्रत्येकानें आधींच शिकून ठेवावें. बाळास नेहमीं बसवून भरवावें. मांडीवर आडवें घालून, नाक दाबून, बोंडल्यानें ओतण्याची जुनी रीत आतां कायमची सोडून द्यावी. तीमुळें अन्न फुप्फुसांत जातें.

चहांत भिजविलेलें बिस्किट हा आणखी एक वाईट प्रघात. आजोबांच्या कपांतून सुरुवात होते व पाहतां पाहतां तो सकाळचा नेम होतो. चहा लोह शोषूं देत नाहीं, आणि बिस्किटांत मैदा व साखर यांपलीकडे फार कांहीं नसतें. गाईचें वा म्हशीचें दूध अन्नांत कालविण्यापुरतें चालेल; मुख्य पेय म्हणून तें वर्ष पुरें झाल्यावरच, नाहींतर दुधानें पोट भरून अन्नाची भूक मरते व लोहाची तूट वाढते. डब्यांतील तयार अन्नांविषयीं एवढेंच कीं, १९९२ च्या कायद्यानें व त्यांत २००३ सालीं झालेल्या दुरुस्तीनें दोन वर्षांच्या आंतील बाळांच्या अन्नाची जाहिरात करण्यास आपल्या देशांत बंदी आहे. तरी फोनवर कोणी हंसतमुखानें एखाद्या डब्याची शिफारस करीत असेल, तर तें आपुलकीपोटीं करीत आहे असें समजण्याचें कारण नाहीं. प्रवासांत डबा घेतलाच तर मागच्या बाजूस साखर किती लिहिली आहे तेवढें वाचावें.

फोन दाखवून भरविलेलें बाळ पोट भरलें हें ओळखावयास शिकत नाहीं. बाळानें तोंड फिरविलें, ओंठ मिटले, कीं वाटी दूर करावी. एका जेवणांत राहिलेलें पुढच्या जेवणांत तें भरून काढतें. नवा पदार्थ पहिल्यांदा थुंकला म्हणून आवडत नाहीं असा निकाल देऊं नये. दहाबारा वेळां पुढें केल्यावर बरीच मुलें तोच पदार्थ आनंदानें खातात. पाणी उकळून निवविलेलें, पेल्यानें किंवा वाटीचमच्यानें पाजावें. बाटली घरांत आणूंच नये. आणि हगवण, ताप अथवा गोंवर झाला म्हणून अन्न तोडूं नये. अंगावर पाजणें वाढवावें, थोडें थोडें मऊ अन्न अनेकदां द्यावें, हगवणींत क्षारजल पाजावें, आणि दुखणें उतरल्यावर दोन आठवडेपर्यंत रोजच्या जेवणांत एका जेवणाची भर घालावी, म्हणजे गेलेलें वजन परत येतें.